अंगाचा नकाशा आणि सिकलसेलचे कार्ड

आपल्या वस्त्यांत आरोग्याचे भाषण ही काही नवी गोष्ट नाही. जयंतीच्या सप्ताहात, वर्षावासात किंवा १९ जूनला जागतिक सिकलसेल दिनाच्या निमित्ताने विहारात सतरंजी अंथरली जाते. डॉक्टर येतात, पडद्यावर गोल आणि वाकड्या लाल पेशींची चित्रे दाखवतात, प्रश्न विचारा म्हणतात. कोणी विचारत नाही. चहा होतो आणि मंडळी घरी जातात. सांगितलेले सारे खरे असते. पण महिनाभराने त्याच मंडळींना विचारा. ‘रक्त विळ्यावानी होते म्हणे’, एवढेच आठवत असते. तपासणीचे कार्ड लोखंडी पेटीत जातीच्या दाखल्याखाली पडलेले असते आणि त्याच घरात पोरीच्या सोयरिकीची बोलणी चाललेली असतात.

विदर्भातल्या बौद्ध कुटुंबांत सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे, हे आता कोणापासून लपलेले नाही. आदिवासी समाजांत तो आहे, इतर मागास जातींत आहे, आफ्रिकेत आणि अरबस्तानात आहे. तेव्हा हा एका जातीचा रोग नाही आणि मागच्या जन्मीचे फळ तर मुळीच नाही. जिथे पिढ्यानपिढ्या हिवतापाने माणसे मेली, तिथे हा गुण रक्तात टिकून राहिला. आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच तो मिळाला तर माणूस ‘वाहक’ होतो. त्याला सहसा काही त्रास नसतो, उलट लहानपणी हिवतापाने दगावण्याचा धोका त्याला कमी असतो. दोघांकडूनही मिळाला तर मात्र आजार होतो. लाल पेशी साधारण १२० दिवस जगायच्या त्या १० ते २० दिवसांतच फुटतात, वाकड्या होऊन बारीक नसांत अडकतात आणि हाडांत, पाठीत, छातीत, पोटात असह्य कळा उठतात.

भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत झाली. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. माहिती आहे, तपासणी वाढते आहे. अडते ते कार्ड हातात आल्यापासून ते घरात निर्णय होईपर्यंतच्या मधल्या वाटेवर. त्या वाटेबद्दल आम्हाला थोडे सांगायचे आहे.

आमचा रविवारचा प्रौढ वर्ग नागपूरच्या एका वस्तीतल्या विहारात भरतो. धुणीभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या बाया येतात, काही पुरुष येतात, दोन-तीन आज्या निव्वळ सोबतीला येतात. अक्षरओळख, सही, बँकेची चिठ्ठी भरणे, मोबाईलवरचा निरोप वाचणे असा साधा अभ्यास. सिकलसेल हा विषय आम्ही घेतला तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की शब्द सोडले तर या आजाराबद्दल वर्गातल्या निम्म्या लोकांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होते. रात्री दोन वाजता लेकरू पाय धरून ओरडते तेव्हा काय करतात, कोणत्या ऋतूत ते जास्त होते, कोण काय बोलते, कर्ज कोणाकडून काढावे लागते, हे त्यांनी भोगलेले होते. फक्त ते ज्ञान आहे असे त्यांना कोणी म्हटले नव्हते.

ब्राझीलमधले शिक्षक पाउलो फ्रेइरे यांनी हीच गाठ सोडवली होती. १९६३ मध्ये आंगिकोस या गावी त्यांच्या पद्धतीने सुमारे ३०० मजुरांना ४० तासांत लिहा-वाचायला शिकवले गेले. सुरुवात बाराखडीने नव्हे, चित्रांनी व्हायची. मजुरांच्या रोजच्या जगण्यातले चित्र समोर ठेवायचे आणि हे काय आहे, असे का आहे, यावर त्यांनाच बोलते करायचे. पुढच्याच वर्षी तिथे लष्कराची सत्ता आली आणि फ्रेइरेंना तुरुंगात टाकले. नुसती अक्षरे शिकवणाऱ्याला कोणी तुरुंगात टाकत नाही, हे वेगळे सांगायला नको.

आणि आपल्याकडे? १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. त्यात तिने आपल्या बाया थंडीपावसात डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होतात, हे लिहिले आहे. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातल्या बाळंतिणींचे उपाशी हाल लिहिले, आणि ते लिखाण त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. हेमा रायरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांच्या ओव्या आहेत, तशी घरातल्या जाचाची आणि जिवाच्या दुखण्याचीही गाणी आहेत. आंबेडकरी जलशांनी दारू, अस्वच्छता आणि मेलेल्या ढोरांचे मांस यांविषयी गावोगाव गाऊन आणि नाचून लोकांना विचार करायला लावला. आपले दुखणे आपल्या तोंडाने मांडणे आणि मग त्यावर विचार करणे, ही आपली जुनीच वाट आहे. आरोग्याच्या भाषणांनी ती का सोडली, हे आम्हाला कळत नाही.

तर आम्ही काय केले ते सांगतो. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या खायेलित्शा या वस्तीत २००२ च्या सुमारास एचआयव्ही असलेल्या बायांनी आपापल्या देहाचे माणसाएवढे नकाशे रंगवले होते. कागदावर आडवे व्हायचे, जोडीदारणीने अंगाभोवती रेघ काढायची. मग त्या आकारात आपण आपल्या आजाराची, औषधाची, भीतीची, बळाची चित्रे काढायची. मागे सावलीसारखा दुसरा आकार काढायचा, तो आपल्याला आधार देणाऱ्या माणसाचा. आम्ही हीच रीत घेतली. महाग कागद लागत नाही. जुनी वर्तमानपत्रे गव्हाच्या पिठाच्या खळीने जोडली, वाळवली, वरून चुन्याचा हात मारला. रंग म्हणजे खडू, कोळसा, हळद, कुंकवाचे पाणी आणि जयंतीच्या पताकांसाठी आणलेला निळा.

विहारात सगळ्यांसमोर आडवे व्हायला बाया लाजतात. म्हणून मधे साडीचा पडदा बांधला. ज्यांना आडवे व्हायचे नव्हते त्यांनी भिंतीला टेकून उभ्यानेच रेघ काढून घेतली. आजारी लेकराच्या आयांनी लेकराचा आकार काढला. प्रश्न चारच होते. दुखते कुठे? पहिल्यांदा कधी दुखले? तेव्हा जवळ कोण होते आणि ते काय म्हणाले? बरे कशाने वाटले?

एका मावशींनी पोराच्या आकाराला गुडघे, कंबर, पाठ काळ्या कोळशाने भरली. मग कानाजवळ बराच वेळ हात थांबला. तिथे त्यांनी आठ-दहा लाल ठिपके काढले. विचारले तर म्हणाल्या, “हे लोकांचे बोल हायेत. आळशी म्हणत, नाटक करते म्हणत. मीही म्हटलं.” दुसरीने स्वतःच्या चित्रात पोट मोठे काढून त्यावर बोट रोखलेला हात काढला. “सासू म्हणे, तुह्याच घरून आलं हे. आमच्या घरात कोणालेच नव्हतं.” हमाली करणारे एक काकाजी, वय पन्नासच्या पुढे, त्यांनी आपल्या चित्रात हातापायांना सुजलेले आकार दिले आणि बाजूला लहान मूल काढले. त्यांचे दुखणे तान्हेपणीच्या हातापायांच्या सुजेपासून सुरू होते. त्या सुजेवर डागण्या दिल्या होत्या, त्यांचे वण अजून आहेत. एवढ्या वर्षांत कोणी रक्त तपासले नव्हते. वर्गानंतरच्या आठवड्यात त्यांनी आशाताईंबरोबर जाऊन तपासून घेतले.

या पहिल्या दिवशी फार रडणे झाले. रडू येणे वाईट नाही. पण रडून मोकळे होणे आणि शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. नुसते दुःख सांगायला लावले आणि घरी पाठवले तर माणूस उघडा पडतो, हलका होत नाही. म्हणून सांगितल्यानंतर दुसरी पायरी हवीच, ती म्हणजे पाहण्याची.

मज्झिम निकायात अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त आहे. लहानग्या राहुलाला भगवान बुद्ध विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे तो सांगतो. तसेच शरीराने, वाचेने आणि मनाने केलेली कृती करण्याआधी, करताना आणि केल्यानंतरही पाहावी, तिने आपले किंवा दुसऱ्याचे अहित होते का ते तपासावे, असे बुद्ध त्याला समजावतात. एकदा केले म्हणून चालू ठेवावे असे नाही, करता करता अहित दिसले तर थांबावे. आमच्या वर्गात हे सुत्त आधी वाचले होतेच. आता ते भिंतीवर टांगलेल्या चित्रांना लावले.

दुसऱ्या रविवारी चित्रे रांगेने लावली आणि विचारले, सगळ्यांत सारखे काय दिसते? इथून वर्गाची चाल बदलली. कोणाचे चित्र कोणते हा प्रश्नच मागे पडला. बाया बोटाने दाखवू लागल्या. गुडघे सगळ्यांत काळे आहेत. चार चित्रांत पावसाचे थेंब आहेत, म्हणजे पहिल्या पावसात भिजल्यावर दुखणे आले. तीन चित्रांत तापाची पट्टी आहे. दोघींनी लग्नाचा मांडव काढला आहे, म्हणजे प्रवास, जागरण, ऊन आणि दिवसभर पाणी न पिणे. ‘कशाने बरे वाटले’ या जागी बहुतेकांनी पाण्याची घागर आणि गरम कपडा काढला होता. एका चित्रात बर्फ होता. त्या ताई म्हणाल्या, शेजारच्या पोराने क्रिकेटमध्ये लागल्यावर बर्फ लावला होता म्हणून आपणही लावला, पण त्याने जास्त झाले.

हे सारे पुस्तकातही आहे. शरीरातले पाणी कमी होणे, थंडी, ताप, अतिश्रम यांनी सिकलसेलच्या कळा उठतात. भरपूर पाणी प्यावे, अंग उबदार ठेवावे, बर्फ लावू नये. डॉक्टरांनी ते आम्हाला पूर्वी दोनदा सांगितले होते. पण या वेळी ते बायांनी आपल्याच चित्रांतून काढले होते, आणि आपण शोधलेली गोष्ट माणूस विसरत नाही. एका ताईंनी त्याच दिवशी पोराच्या शाळेत जाऊन मास्तरांना सांगितले की याला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या आणि लघवीला जायला अडवू नका. अशी विनंती करायची असते, हे आम्ही तिला सांगितलेले नव्हते.

आता सासूच्या बोटाचे. ‘तुह्याच घरून आलं’ हा बोल किती घरांत किती सुनांनी ऐकला असेल. त्यासाठी आम्ही बांगड्या काढल्या. लाल म्हणजे सिकलचा गुण, हिरवी म्हणजे साधी. आईच्या हातात दोन बांगड्या, बापाच्या हातात दोन. मूल दोघांकडून एकेक घेते. वाहक आईकडे एक लाल, एक हिरवी. वाहक बापाकडेही तसेच. डोळे मिटून प्रत्येकाकडून एक काढायची. दोन लाल आल्या तर लेकरू सिकलग्रस्त, म्हणजे कार्डावर ‘एसएस’. एक लाल एक हिरवी आली तर वाहक, म्हणजे ‘एएस’. दोन्ही हिरव्या तर काहीच नाही. दोन लाल जमायला दोघांकडूनही लाल यावी लागते, हे डोळ्यांनी दिसले तेव्हा ती सासू, ती वर्गातच होती, काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे माह्या पोराच्या हातातही एक लाल होती.” आणि थोड्या वेळाने, “म्हणजे माह्या नाही तं त्याच्या बाच्या हातातही.”

हा खेळ पुढे चालला आणि आणखी एक गैरसमज निघाला. चारांत एक आजारी होते म्हणतात, मग एक झाले की पुढचे तीन सुटले, असे कित्येकांना वाटते. आम्ही वीस वेळा बांगड्या काढल्या आणि फळ्यावर खुणा केल्या. सात वेळा दोन लाल आल्या, त्यातल्या तीन वेळा तर लागोपाठ. गणिताने पाच यायला हव्या होत्या. बाया ओरडल्या, “हे तं बेइमान झालं!” बेइमानी नाही, प्रत्येक खेप नवी असते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन आणि पूर्ण मोकळे असण्याची चारांत एक. मागच्या लेकराचा पुढच्याशी हिशेब नाही. भाषणात २५ टक्के म्हटले की माना हलतात. बांगड्यांनी ते २५ टक्के हाताला लागले.

त्याच बांगड्यांनी सोयरिकीची भीतीही पुष्कळ कमी केली. एका हातात लाल-हिरवी आणि दुसऱ्या हातात दोन्ही हिरव्या असतील तर दोन लाल कधीच जमत नाहीत. म्हणजे वाहक पोरीचे वाहक नसलेल्या मुलाशी लग्न झाले तर त्यांच्या लेकराला सिकलसेलचा आजार होत नाही, फार तर ते वाहक होईल. आपल्याकडे नुसत्या ‘एएस’ कार्डावर पोरी नाकारल्या जातात, हे अज्ञान आहे आणि अन्यायही आहे. पोराचे कार्ड मात्र कोणी मागत नाही. विचार करायचा तो दोघेही वाहक, किंवा एक वाहक आणि एक आजारी, किंवा दोघेही आजारी अशा जोडीचा. एक वाहक आणि एक आजारी असेल तर प्रत्येक खेपेला निम्मी शक्यता आजाराची.

पण हे कळले तरी बोलायचे कोणी, आणि कसे? इथे आम्ही नाटकाकडे वळलो. फ्रेइरेंच्याच देशातले ऑगुस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात अशी नाटके बसवली, की प्रसंग अडला की प्रेक्षकाने थांबा म्हणावे, स्वतः उठून पात्राच्या जागी उभे राहावे आणि वेगळे करून पाहावे. आम्ही पाहणीचा कार्यक्रम उभा केला. पोहे, चहा, मुलाचा मामा, मुलीचे वडील, कोपऱ्यात उभी मुलगी. पहिल्या वेळी कोणीच कार्डाचा विषय काढला नाही, नाटक सुपारीपर्यंत गेले. दुसऱ्या वेळी मुलीच्या आईने विषय काढला, तर मुलाकडचे काका उठले, “आमच्यावर संशय घेता काय?” वर्गातले लोक खदखदून हसले, कारण ते वाक्य सगळ्यांच्या ओळखीचे होते. तिसऱ्यांदा एक तरुण उठला आणि मुलाच्या जागी बसून म्हणाला, “मामाजी, आधी माझं कार्ड दाखवतो.” तेव्हा कोणी हसले नाही.

मग बसून बोललो. या तीन खेळांतून मंडळींनी स्वतःच ठरवले ते असे. विषय पाहणीच्या दिवशी काढायचाच नाही, तो फार उशीर असतो. बायोडाटात जन्मतारीख आणि शिक्षणासोबतच ‘सिकलसेल तपासणी झाली, पॅटर्न अमुक’ अशी ओळ लिहायची. आणि सुरुवात मुलाकडून करायची. मुलीकडून झाली तर तिच्यातच खोट शोधतात. हा शेवटचा मुद्दा कोणत्याही पत्रकात आम्ही वाचलेला नाही.

एका मुलीने विचारले, दोघेही वाहक आहेत आणि दोघांचे मन जुळले आहे, तर मोडायचे का? वर्गात दोन तट पडले. आम्ही निकाल दिला नाही. तो निर्णय त्या दोघांचा. त्यांना एवढे ठाऊक असावे, की गरोदरपणाची नोंदणी अगदी लवकर केली तर साधारण दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. ती कुठे होते, याची चौकशी लग्नाआधीच जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात करून ठेवावी.

नाटकाचा दुसरा प्रसंग दवाखान्यातला होता, आणि तो वर्गानेच मागितला. वर्गातल्या एकीला रात्री पोराला घेऊन गेल्यावर एका दवाखान्यात ‘एवढं काय ओरडतो’ असे ऐकावे लागले होते. घाबरलेली आई तिथे काय बोलते? ‘पोरगं फार करून राहिलं हो’ म्हणते. त्यातून समोरच्याला काही कळत नाही. आम्ही पुन्हा पुन्हा बसवून तीन वाक्ये तयार केली. ‘याला सिकलसेल आहे, एसएस, हे कार्ड. दुखणे अमक्या वेळेपासून, अमक्या जागी आहे. ताप आहे’ किंवा ‘नाही, अमुक गोळी दिली आहे.’ वाचता न येणाऱ्या आज्यांनी ही वाक्ये चालीवर म्हणून पाठ केली. एका आजीने तिला जात्याची चाल लावली, आणि आता नातवंडेही ती म्हणतात.

कोणत्या वेळी घरी थांबायचे नाही, हेही चित्रांवरच लाल रंगाने काढले. १०१ च्या वर ताप. छातीत दुखणे किंवा दम लागणे. लहान मुलाचे पोट डाव्या बाजूला एकाएकी फुगणे आणि मूल पांढरेफटक पडणे, कारण तेव्हा प्लीहेत, म्हणजे तिल्लीत रक्त साचत असते. हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोबडे बोलणे. मुलग्यांत लिंगाला न उतरणारा वेदनादायक ताठरपणा येणे, हेही तातडीचे असते आणि पोरे लाजेने सांगत नाहीत. बापाने पोराला हे आधीच सांगून ठेवावे. हा भाग आमच्या वर्गातल्या पुरुषांनी वेगळा बसून घेतला.

चित्राने आजार बरा होत नाही, हे इथे स्वच्छ लिहिले पाहिजे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन होणारी सोल्युबिलिटी तपासणी ही पहिली चाळणी. तीत गुण दिसला तर वाहक की आजारी हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करावीच लागते, तिच्याशिवाय पॅटर्न कळत नाही. आजार असेल तर फॉलिक ॲसिड, लसी, आणि डॉक्टरांनी ठरवले तर हायड्रॉक्सियुरिया. या औषधाने कळांचे झटके कमी होतात, पण ते नियमित रक्ततपासणीसह डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे. गरोदर राहायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचे. रक्त कमी आहे म्हणून सिकलसेलच्या माणसाने मनानेच लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा आजार दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत धरला आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा, वर्गात ते अर्ज आम्ही भरून देतो.

कोणाला आपल्या विहारात हे करायचे असेल तर दोन-चार गोष्टी आधी ठरवाव्यात. चित्राचा फोटो काढायचा नाही, मोबाईल दारातल्या टोपलीत. वस्तीत कार्डाची बातमी फुटली तर पोरीचे लग्न अडते, त्यामुळे हा नियम भिंतीवर लिहिलेला बरा. ज्याला काढायचे नाही त्याने नुसते बसावे, त्याला कारण विचारू नये. चित्र कोणाचे चांगले, असे कधी म्हणू नये. स्पर्धा आणि बक्षीस तर नकोच. आपल्या मंडळांना प्रत्येक गोष्टीत पहिला-दुसरा नंबर काढायची फार हौस असते. कोणी फार कोसळले तर तिच्यासोबत घरी जाणारी एक बाई आधीच नेमून ठेवावी, आणि आशाताई किंवा आरोग्यसेविका शेवटच्या अर्ध्या तासाला तरी हजर असाव्यात, म्हणजे प्रश्न निघाला की उत्तर आणि तपासणीची तारीख तिथल्या तिथे मिळते. आणि एका दिवसात उरकू नये. किमान चार रविवार.

या वर्गातून निघालेली एक वस्तू आता घराघरांत फिरते आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतच तिचे काम चालते. ज्या दिवशी दुखले त्या चौकटीत काळा ठिपका, फार दुखले तर दोन. ताप असेल तर लाल. गोळी घेतली तर बाजूला छोटी रेघ. पाणी किती प्यायले ते निळ्या रेघांनी, दर तांब्याला एक. अक्षर यावे लागत नाही. महिना संपला की पान फाडायचे नाही. रविवारी ते वर्गात आणायचे आणि दोघी-तिघींनी मिळून पाहायचे, की काळ्या ठिपक्याच्या आदल्या दिवशी काय झाले होते. त्या हमाल काकाजींच्या पानावर दर सोमवारी ठिपका येत होता. रविवारी आठवडी बाजाराचा माल उतरवायला ते पहाटे चारला जातात, दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत, कारण मधे लघवीला जायची सोय नाही. आता ते दोन बाटल्या नेतात आणि गोदामाच्या मालकाशी मुतारीसाठी भांडण चालू आहे. मागच्या महिन्याच्या पानावर दोन सोमवार कोरे होते. ते पान त्यांनी दवाखान्यात डॉक्टरांनाही दाखवले, आणि डॉक्टरांनी ते केसपेपरला टाचून घेतले.